कमांडंटची बायको

१४ सप्टेंबर १९४२, आल्मा-अता

काम मिळालं. आनंद झालाय की भीती वाटतेय, ते माझं मलाच सांगता येत नाही.

बर्लिनमध्ये प्रत्येक भूमिकेसाठी मी वेगळी वही सुरू करायचे. तिथून पळाल्यापासून वही सुरू करावी असं काही हाती आलंच नाही. मॉस्कोत रेडिओवर जर्मन बातम्या वाचल्या. लढाई सुरू झाल्यावर तिथल्या सिनेमा स्टुडिओबरोबर मलाही इकडं कझाकस्तानात, डोंगरांच्या पायथ्याशी आणून टाकलं. तेव्हापासून मी रशियन नटांना जर्मन हुकूम शिकवते. "हात वर" हे दोन शब्द इतक्या तोंडांतून घोटून घेतलेत की आता स्वप्नातही कानावर येतात.

सकाळी दिग्दर्शक साविच यांनी बोलावलं. लाकडी फळ्यांच्या आडोशामागं बसून ते पेज पीत होते.

"पाउला मोरित्सोव्ना, एक बाई शोधतोय. जर्मन कमांडंटची बायको. प्रेक्षकांनी पडद्यावर बूट भिरकावला पाहिजे."

"मी शिकवीन की तिला. कोण आहे नटी?"

"तुम्ही."

मला हसू आलं. "कॉम्रेड साविच, मी ज्यू आहे. त्याच लोकांनी मला घराबाहेर काढलं."

"म्हणून तर. त्यांना तुमच्याइतकं जवळून इथं पाहिलंय कुणी?" त्यांनी वाटी चाटून पुसली. "आणि तुमचा तो उच्चार. इतके दिवस अडचण होता, आता कामाला येईल."

उच्चार. ट्रामच्या थांब्यावर, पावाच्या रांगेत मी तोंड उघडत नाही. बोटांनी दाखवते, मुकी आहे असं भासवते. गेल्या हिवाळ्यात एकदा कांद्याचा भाव विचारला, तर सगळी रांग वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "हेर आहे, धरा तिला." मी पळाले. कांदा तिथंच राहिला.

आता तोच उच्चार मोठ्या पडद्यावर ऐकू जाणार. हो म्हणून आले खरी.

२० सप्टेंबर

घरी, म्हणजे बालझान आपाकडे, अजून काही बोललेले नाही.

आपा कझाक विधवा. मातीच्या भिंतींचं घर, मागं सफरचंदाची झाडं, दाराजवळ गोवऱ्यांची रास. एकुलता एक मुलगा तोलेगेन आघाडीवर आहे. निम्मी खोली तिनं मला दिली ती वरून हुकूम आला म्हणून. मधे एक सतरंजी टांगली आहे. सतरंजीपलीकडून तिचा श्वास ऐकू येतो, म्हणजे माझाही तिला येत असणार.

मी तिला घाबरते. ती वाईट वागत नाही. सकाळी न विचारता चहा ओतते, त्यात चमचाभर दूधही घालते. पण तिची नजर सारखी माझ्यावर असते. दर गुरुवारी ती मखमली जाकीट घालते, डोक्याला पांढरं फडकं नीट बांधते आणि शहरात जाते. परत येते ती थकलेली. चुलीकडं तोंड करून बसते. कुठं गेला होतात म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुझं काय काम?" आणि बुधवारी, जाण्याच्या आदल्या दिवशी, मला प्रश्न विचारते. आठवड्यात काय केलंस, कोण भेटलं, कुणाचं पत्र आलं का.

पत्र मला कोण धाडणार? माझ्या नवऱ्याला, एमिलला, पत्राची परवानगी नाही.

ही वही पिठाच्या डब्याखाली ठेवते. आपाला जर्मन वाचता येत नाही. पण वही उचलून नेता येते, आणि शहरात वाचणारे पुष्कळ आहेत.

२ ऑक्टोबर

आज टोप बसवला. पिवळाधमक, दोन वेण्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या.

टोप करणारे झुसकिंड आजोबा खारकोव्हचे. बायको, मुली, नातवंडं सगळी तिथंच राहिली, आणि खारकोव्ह आता जर्मनांच्या हातात आहे. टोप डोक्यावर चढला, मी आरशात वर पाहिलं, आणि त्यांच्या हातातून पिना खाली सांडल्या.

"आजोबा, नको वाटत असेल तर दुसऱ्या कुणाला सांगू या."

"दुसरा कोण आहे इथं? तो सुतार? खिळे ठोकेल तुझ्या डोक्यात." ते वाकून पिना वेचायला लागले. "गप बस, पाउलिन्का. मला नीट बघू दे. अशीच असेल ना ती? जी आमच्या घरात राहायला आली असेल?"

मी विषय बदलला, एमिलबद्दल बोलले. कधी कुणाशी बोलत नाही. सांगितलं, माझ्या नवऱ्याला मॉस्कोत अटक झाली. तुरुंगाच्या चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. म्हणजे अठ्ठेचाळीस साली सुटेल. तोवर मी धडधाकट राहायला हवं. दात तरी टिकवायला हवेत.

आजोबांचा हात माझ्या डोक्यावरच थांबला.

"माझ्या मेव्हण्यालाही असंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "अगदी हेच शब्द."

"मग? आला का काही निरोप?"

"नाही. हे शब्द ज्यांना ऐकवले, त्यांच्यातल्या कुणाचाच आलेला नाही."

"त्याचीही दहा वर्षं भरायची असतील."

"हो," ते म्हणाले. "भरायची आहेत." आणि उरलेल्या पिना त्यांनी इतक्या हळुवारपणे लावल्या की एकही टोचली नाही.

१९ ऑक्टोबर

स्टुडिओच्या धुलाईखान्यात लिडिया नावाची बाई काम करायची. व्होल्गाकाठची, पिढ्यान्पिढ्या रशियातच राहिलेली जर्मन. आज तिची बादली तशीच भरलेली, कपडे भिजत पडलेले. विचारलं तर सगळे खाली बघायला लागले. शेवटी निनानं मला कोपऱ्यात ओढलं. सिनेमात खेड्यातल्या मास्तरणीचं काम करते ती निना. बडबडी पोर आहे, सगळ्यांच्या नकला करते. आज नक्कल नव्हती.

"हुकूम निघालाय. जर्मन बायकांनाही आता श्रमसेनेत नेतायत. उत्तरेला, झाडं तोडायला. पुरुषांना आधीच नेलंय. तुमचं बरं, तुम्ही ज्यू आहात."

माझं बरं.

पासपोर्टात पाचव्या ओळीत वंश लिहितात. मॉस्कोत आम्हाला नागरिकत्व मिळालं, तेव्हा कारकुनानं मान वर न करता विचारलं, कुठून आलात? जर्मनीहून. त्यानं लिहिलं: जर्मन. एमिलला हसू आवरेना. बाहेर आल्यावर म्हणाला, "हिटलरनं एवढा खटाटोप करून जे काढून घेतलं, ते या बाबानं एका टाकात परत दिलं." आम्ही त्या दिवशी आईस्क्रीम खाल्लं होतं.

पासपोर्ट काढून पाहिला. अक्षर सुंदर आहे. अगदी ठसठशीत.

२१ ऑक्टोबर

आपाचे प्रश्न. आज नेहमीपेक्षा जास्त.

"सिनेमात काय करतेस?"

"लहानसं काम आहे, आपा."

"कसलं?"

"शेजारणीचं."

ती चुलीत गोवरी सरकवत म्हणाली, "खोटं सांगायचं तर नीट सांगावं. मला पुढं सांगताना अडखळायला होतं."

पुढं? कुणाला पुढं? विचारायची छाती झाली नाही. सतरंजीपलीकडं जाऊन पडून राहिले. तिनं हाक मारली, "ए पोरी, चहा निवतोय," तरी उठले नाही.

११ नोव्हेंबर

श्रमसेनेचं बोलावणं आलं. तीन दिवसांत हजर व्हायचं. गरम कपडे आणि चमचा बरोबर आणायचा.

तो कागद घेऊन तशीच साविचकडे धावले. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण माझ्यासाठी नव्हे. अर्धा सिनेमा माझ्यावर झाला आहे. ते टोपी घालून बाहेर पडले, आणि संध्याकाळी परत आले ते जरा सैलावून.

"चित्रीकरण संपेपर्यंत सूट मिळाली."

"आणि मग?"

"मग बघू. पाउला मोरित्सोव्ना, उद्याचा दिवस तरी हातात आहे ना? बऱ्याच लोकांच्या नसतो."

"मी ज्यू आहे हे तुम्ही त्यांना लिहून द्या. तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला तुम्ही म्हणता म्हणून ठाऊक आहे. तुमचा नवरा... तिथं आहे. माझ्या घरी बायको आहे, सासू आहे. समजून घ्या."

समजून घेतलं. घरी येताना पाटाच्या कडेकडेनं चालले. पाण्यावर बर्फाची साय धरली होती.

तर आता असं आहे. सिनेमा जितका लांबेल तितकी मी इथं.

२७ नोव्हेंबर

आज शालीचा प्रसंग होता. घडलं ते सगळं लिहिते.

प्रसंग असा. मास्तरणीला पकडून आणतात. कमांडंटची बायको तिच्या अंगावरची शाल काढून घेते आणि तिला बाहेर बर्फात न्यायला सांगते. एवढाच.

मी ठरवून आले होते की वाईट करायचं. उघडउघड नाही, पण इतकं की पुन्हा घ्यावं लागेल, आजचं उद्यावर जाईल, उद्याचं पुढच्या आठवड्यावर. पहिल्या वेळी मी आरडाओरडा केला. साविच म्हणाले, पुन्हा. दुसऱ्या वेळी वाक्य विसरले. तिसऱ्या वेळी टेबलाला अडखळले. फिल्म मोजूनमापून मिळते, वीज मध्येच जाते, निना अनवाणी उभी राहून थरथरतेय. तिचे पाय जांभळे पडले होते. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. नटाला दुसऱ्या नटाची लबाडी लगेच कळते.

मग मी थांबले. साविचना म्हटलं, एक मिनिट द्या, आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिले.

बर्लिनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई मला आठवली. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी ती आली होती. ओरडली नाही, शिवी दिली नाही. खिडकीचा पडदा दोन बोटांत धरून कापड चोळून बघितलं. म्हणाली, "हे काही आता तुम्हाला लागणार नाहीत." आणि स्टुलावर चढून काढायला लागली. मला म्हणाली, जरा स्टूल धरता का? मी धरलं.

वळले. निनाची शाल दोन बोटांत धरली, चोळून बघितली. उजेडात नेऊन पाहिली. "चांगली लोकर आहे," म्हटलं, बाजारात म्हणावं तसं. मग शिपायांकडं न बघता, "घेऊन जा हिला, दार उघडं राहिलंय, थंडी येतेय."

साविच "पुरे" म्हणायचं विसरले. निना खरोखर रडत होती. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी बसली नाही. पलीकडं जाऊन बसली, आणि मग स्वतःच ओशाळून हसली. पण आली नाही.

दाराजवळ गणवेशातला एक मेजर उभा होता. बराच वेळचा असावा. दुबोव असं नाव कळलं. श्रमसेनेचे कागद त्याच्याच टेबलावर असतात. जवळ येऊन त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे शिकून येत नाही," तो म्हणाला. "हे रक्तात असावं लागतं."

आयुष्यात सगळ्यात चांगलं काम मी आज केलं. स्वतःच्या हातानं स्वतःला बांधून दिलं असं वाटतंय.

३० डिसेंबर

काल शेवटचा तुकडा झाला. टोप झुसकिंड आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो पेटीत ठेवला आणि झाकण घाईघाईनं लावलं.

त्याबरोबर माझी सूटही संपली. दारावर कुणाचीही थाप पडली की मी चमचा आणि गरम कपडे जवळ ओढते. आज वारा होता, दिवसभर दार वाजत होतं.

१४ जानेवारी १९४३

आज समितीपुढं होते. वंश बदलून मिळावा म्हणून मी अर्ज केला होता. दोन साक्षीदार आणायला सांगितलं होतं. झुसकिंड आजोबा लगेच तयार झाले. दुसरा मिळेना. मॉस्कोत मला ओळखणारे एकतर नाहीसे झालेत, नाहीतर मला ओळख दाखवत नाहीत. घरी मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण सकाळी निघाले, तर बालझान आपा दारात उभी, मखमली जाकीट घालून. आज गुरुवार. मला वाटलं, तिच्या नेहमीच्या कामाला निघाली. ती माझ्याबरोबरच चालत राहिली. एकही शब्द बोलली नाही. मी गल्ली बदलली, तिनंही बदलली. समितीच्या इमारतीत ती माझ्या मागोमाग आत शिरली, आणि शिपायानं तिला अडवलंही नाही. वाटलं, संपलं, हीच मला पोहोचवायला आली आहे.

टेबलामागं मेजर दुबोव, शेजारी एक तरुण कझाक लेफ्टनंट, आणि लिहिणारी बाई.

"ज्यू आहात म्हणता. मग बोला त्यांच्या भाषेत."

"येत नाही. आमच्या घरी जर्मनच बोलायचे."

"प्रार्थना?"

"वडील वकील होते. प्रार्थना वगैरे नव्हती घरात."

"सण कोणता करायचात?"

खोटं बोलायला हवं होतं. तोंडातून खरं निघालं. "नाताळ. झाड आणायचो."

लिहिणाऱ्या बाईला हसू आलं, तिनं रुमाल तोंडाला लावला. झुसकिंड आजोबा पुढं सरसावले. "साहेब, मी सांगतो, ती आमचीच आहे. तिकडचे आमचे लोक असेच असतात, टाय लावून जेवतात. पाउलिन्का, माझ्या मागून म्हण," आणि त्यांनी ज्यूंच्या, जर्मनच्या वळणाच्या यिद्दिश भाषेतलं एक साधं वाक्य म्हटलं, मुलं म्हणतात तसलं. मी म्हटलं. माझ्या तोंडातून ते बर्लिनच्या रंगभूमीवरचं शुद्ध जर्मन होऊन बाहेर पडलं. आजोबांनी डोळे मिटले.

"पुरे," दुबोव म्हणाला. "मी हिला काम करताना पाहिलंय. ज्यू बाईला हे जमणं शक्य नाही. नवरा कुठं आहे?"

"छावणीत. दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. अठ्ठेचाळीसला सुटेल."

"असं कुणी सांगितलं?"

"मॉस्कोत. खिडकीवर."

मेजरनं लेफ्टनंटकडं पाहिलं. मग लिहिणाऱ्या बाईला हातानं खूण केली, हे लिहू नका. का ते कळलं नाही. पण त्यानंतर त्याचा आवाज उतरला. "दुसरा साक्षीदार?"

"मी," आपा म्हणाली.

ती टेबलाजवळ गेली, मेजरकडं तिनं बघितलंही नाही. लेफ्टनंटशी कझाकमध्ये बोलायला लागली, सावकाश, जशी मला चहा प्यायला सांगते तशी. मला बाजारापुरतं कझाक येतं. "गुरुवार" कळलं. "दर गुरुवारी" असं ती दोनतीनदा म्हणाली, आणि दर वेळी माझ्याकडं बोट दाखवलं. "तुझ्या आईला ओळखते" हेही कळलं. मग "मुलगा" आणि "आघाडी." शेवटी, "तेव्हा माझं ऐकलंस, तर आजही ऐक."

लेफ्टनंट कानापर्यंत लाल झाला. त्यानं मेजरच्या कानाशी काहीतरी सांगितलं, बराच वेळ. मेजरनं उसासा टाकला, पासपोर्ट ओढून घेतला.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला विचारलं, "आपा, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"की तू रात्री पोटभर रडतेस आणि दिवसा भांडी नीट घासतेस."

"आणि गुरुवारचं काय होतं?"

"गुरुवार म्हणजे गुरुवार. चल, पाय उचल, चूल विझली असेल."

गुरुवारचा माझ्या पासपोर्टाशी काय संबंध, मला अजून समजलेलं नाही. एवढं खरं की तिला घाबरण्यात माझं काहीतरी चुकत होतं, किंवा अजून काहीतरी घाबरण्यासारखं आहे जे मला दिसत नाही.

पासपोर्ट हातात आहे. पाचवी ओळ: ज्यू. बर्लिनमध्ये या शब्दापायी पळाले. आज मी तो रस्त्यात तीनदा उघडून वाचला.

४ फेब्रुवारी

स्टालिनग्राड सुटलं. स्टुडिओत सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. निनानं माझाही मुका घेतला. शेवटी. आपानं घरात कणीक तळायला घेतली, तेल कुठून आणलं देव जाणे. म्हणाली, "आता उन्हाळ्यापर्यंत पोरगा येईल. त्याला वरचा माळा साफ करून ठेवू. तू मदत कर."

१७ फेब्रुवारी

काळा कागद आला. तोलेगेन र्झेवजवळ मारला गेला. नोव्हेंबरातच. आम्ही त्याच्यासाठी माळा झाडत होतो तेव्हा तो जाऊन तीन महिने होत आले होते.

आपा रडली नाही. तिनं कागद घडी करून जाकिटाच्या आत ठेवला. गल्लीतल्या बायका आल्या, घरात बसून त्यांनी गळा काढून शोकगीत म्हटलं, एक संपवते तोवर दुसरी उचलते. आपा मधोमध बसून होती, तोंड घट्ट मिटून. त्या तिला हलवत होत्या, "बोल ग, बोलून टाक, आत ठेवू नकोस." ती बोलली नाही.

मी मागं गोवऱ्यांच्या छपरात बसून होते. त्या घरात आज माझा उच्चार कुणाच्या कानावर पडू नये असं वाटलं.

३ मार्च

ती अजून बोलत नाही. गुरुवारी शहरात जाणंही बंद केलं आहे. चहा ओतते, त्यात दूध घालते, आणि भिंतीकडं बघते. सतरंजीपलीकडून श्वासही ऐकू येत नाही. मी उठून सतरंजी सरकवून पाहते, तर ती डोळे उघडे ठेवून पडलेली असते.

मला तिच्यासाठी भीती वाटते. आणि खरं लिहायचं तर तिचीही वाटते. परवा शहरातल्या भिंतीवर आमच्या सिनेमाचं चित्र लागलं. त्यावर मीच आहे, वेण्या गुंडाळलेली, हातात शाल. आपाच्या रस्त्यावर नाही, पण चित्रं सगळीकडं लागणार.

२१ मार्च

काल सिनेमा दाखवला. मी मागच्या रांगेत कोटाची कॉलर वर करून बसले. शालीचा प्रसंग आला, आणि सगळं सभागृह गप्प झालं. मग कुठूनतरी एक बाई कण्हली. मग पडद्यावर काहीतरी येऊन आपटलं. रबरी बूट होता. साविचना हवा होता तसाच. बर्लिनमध्ये मी टाळ्या खूप घेतल्या, पण असं कधी घडलं नाही. दिवे लागायच्या आत बाहेर पडले. फाटकाशी कुबड्या घेतलेल्या एका माणसानं मला निरखून पाहिलं. "हीच," तो म्हणाला. "हीच ती." गोठलेल्या चिखलाचा एक गोळा पाठीत बसला. मी पाटाकाठानं पळत सुटले.

घरात दिवा होता. आपा मखमली जाकिटात बसलेली, डोक्याला पांढरं फडकं. शेजारणी तिला सिनेमाला घेऊन गेल्या होत्या. तिच्या मनाला जरा विरंगुळा म्हणून. मला ठाऊकच नव्हतं. शालीच्या प्रसंगालाच ती उठली, म्हणून त्या तिला माझ्याआधी घरी पोहोचवून गेल्या होत्या.

ती उठली. माझ्या मागं जाऊन तिनं दाराला कडी घातली.

"आपा," मी म्हटलं, "ते नुसतं काम असतं. मी तशी नाही. तुम्हीच तर साक्ष दिलीत..."

"तू कोण ते मला ठाऊक आहे. बसू नकोस. उभी राहा." ती दाराला पाठ करून माझ्यासमोर आली. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकत होते. "तू नको आहेस मला. ती हवी."

"कोण?"

"पडद्यावरची. बोलाव तिला इथं."

मला वाटलं तिचं डोकं फिरलं. दाराकडं बघितलं. कडी तिच्या पाठीमागं होती.

"माझ्या पोराला ज्यांनी मारलं," ती म्हणाली, "त्यांच्यातलं कुणी कधी माझ्यासमोर येणार आहे का? त्या बायका म्हणतात, बोल. कुणाशी बोलू? त्या कागदाशी? आज मी पहिल्यांदा त्यांच्यातलं कुणीतरी पाहिलं. ते तुझ्यात आहे. मला थोडा वेळ दे ती."

मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. ती हलली नाही.

टोप नव्हता, पोशाख नव्हता. अंगात कापूस बाहेर आलेला कोट आणि पाठीवर चिखल. मी भिंतीकडं तोंड केलं, पाठ ताठ केली. वरच्या मजल्यावरच्या बाईला बोलावलं. ती यायला तयारच असते, भीती तीच वाटते मला. मग वळले. आपाच्या जाकिटाकडं पाहिलं, त्याचं कापड कसं आहे ते डोळ्यांनी चाचपत. जर्मनमध्ये विचारलं, "ही कोण? हिला कुणी आत सोडलं?"

आपा एक पाऊल मागं सरली. तिच्या डोळ्यांत मी भीती बघितली, आणि मला सगळं सोडून तिला मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात तिनं पाऊल परत पुढं टाकलं. माझी कॉलर धरली.

ती कझाकमध्ये बोलली. फार थोडं कळलं मला. शिव्या सुरुवातीलाच संपल्या. मग ती त्याच्याबद्दल सांगायला लागली. दूध. घोडा. हातानं उंची दाखवत होती, एवढा असताना, मग एवढा. झोपताना तो कसा हात डोक्याखाली घ्यायचा ते दाखवलं. त्याचं नाव ती पुन्हा पुन्हा घेत होती, त्या बाईच्या तोंडावर, जणू ते तिला पाठ करायला लावत होती. मग तिनं रडायला सुरुवात केली, कॉलर न सोडता, बोलणं न थांबवता, त्या बायका गात होत्या त्याच चालीत.

मी तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिले, थंड, जराशी कंटाळलेली. माझा चेहरा एकदा जरी मऊ झाला असता, तर ती बोलत होती ती व्यक्ती खोलीतून निघून गेली असती, आणि तिला पुन्हा कधीच सापडली नसती. जबडा दुखत होता. आयुष्यात मी इतकं कठीण काम केलेलं नाही.

शेवटी तिचा हात सुटला. ती खाली बसली, फडक्यानं तोंड पुसलं. बराच वेळ श्वास लागला होता. मग घोगऱ्या आवाजात, रशियनमध्ये म्हणाली,

"आता तिला म्हणावं, जा. पाउलाला पाठव."

मी भिंतीकडं वळले. परत यायला मला थोडा वेळ लागला.